तिन्हीसांजेचं गोड

१

टेबलावर चार डबे होते. चारही पत्र्याचे, एकेका पौंडाचे. दोन निम्म्यावर आलेले, एक तळाला गेलेला आणि एक अजून लाखेने बंद. शेजारी एक तराजू, औषध तोलायची ग्रेनची सात बारीक वजनं, एक चमचा, पुड्या बांधायच्या कागदांचा गठ्ठा आणि काचेचे दोन पेले. त्यातल्या एकाला तडा गेला होता.

अभिमनने हे सगळं दोनदा मोजलं. मग त्याने दाराकडे पाहिलं. उंबऱ्याबाहेर दिवल्या उकिडवा बसला होता. तो सातपुड्याच्या पायथ्याच्या पिंपळदऱ्याहून आला होता, आणि आल्यापासून त्याने पाण्याखेरीज काही मागितलं नव्हतं.

ही खोली जळगावच्या कापूस व्यापारी सेवा मंडळाची. बाजारात येणाऱ्या दर गाडीमागे एक पैसा धर्मादाय कापायचा आणि तो गावाच्या कामी लावायचा, असा या व्यापाऱ्यांचा जुना शिरस्ता. त्या पैशा-पैशातून मंडळाने पाणपोया घातल्या, म्हाताऱ्या गुरांसाठी पांजरपोळ चालवलं, हायस्कुलाला शास्त्राची खोली बांधून दिली. असोद्याच्या शेतकऱ्याचा मुलगा अभिमन पुण्याला जाऊन बी.एस्सी. झाला तोही मंडळाच्या शिष्यवृत्तीवर. आता तो त्याच शास्त्राच्या खोलीत मुलांना शिकवत होता.

आणि मंडळाने पिंपळदऱ्याला दवाखाना काढला होता. एक झोपडी, एक कंपाउंडर, एक कपाट. १९४३ सालच्या त्या आश्विनात कपाटात ठेवण्यासारखी एकच गोष्ट होती. जावा बेट जपान्यांच्या हाती गेल्यापासून कोयनेल बाजारातून नाहीसं झालं होतं. हिवतापावर दुसरं औषध नाही, आणि सरकार ते मोजून-मापून देणार. डोंगराच्या पट्ट्यासाठी म्हणून मंडळाच्या हवाली झालेले डबे ते हेच चार.

दिवल्याच्या बायकोने, रेशमाने, यातल्या पुड्या नेमाने घेतल्या होत्या. तिच्या आईने, नानीबाईनेही घेतल्या. ताप एक दिवस येई, एक दिवस जाई, पुन्हा येई. नानीबाई मागच्या बाजाराच्या दिवशी वारली. रेशमाच्या अंगावर पिणारं पोर होतं.

"दवा खाई," दिवल्या म्हणाला. "पोट बिघडनं. ताप नही गया."

मंडळाचे अध्यक्ष मोतीलालभाऊ टेबलापाशी उभे होते. धोतराचा सोगा हातात, कपाळावर आठी. ते अभिमनला म्हणाले, "तू शास्त्र शिकलास. आम्ही नुसते पाहतो आहोत. डब्यात आहे काय ते सांग."

अभिमनने शाळेतून गंधकाम्लाची बाटली आणली होती. त्याने पेल्यात पाणी घेतलं, आम्लाचे थेंब टाकले, चिमूटभर पूड विरघळवली आणि पेला घेऊन अंगणात उन्हात गेला. कोयनेलाची एक खूण कोणालाही लपवता येत नाही. असल्या पाण्यावर ऊन पडलं की काठाशी निळी झाक उमटते, मोराच्या मानेवर असते तशी.

सगळे त्याच्या मागे अंगणात आले. पाणी पाण्यासारखंच दिसत होतं.

त्याने दुसरा डबा घेतला, तिसरा घेतला. शेवटी लाखेचा बंद डबाही सर्वांसमक्ष फोडला. निळी झाक कशातही आली नाही. मग त्याने पूड जिभेला लावली. कडू होती, पण मागून खारट.

"हे विलायती मीठ आहे. एप्सम. जुलाबाला देतात ते," तो म्हणाला. "कोयनेल यात कधी नव्हतंच."

दिवल्याला सगळं समजलं नसावं. त्याने इतकंच विचारलं, मग खरी दवा कुठे आहे.

२

खरी दवा कुठे, हाच प्रश्न होता. सिव्हिल सर्जनच्या कचेरीतून निरोप आला होता की पुढच्या महिन्याआधी एक ग्रेनही मिळणार नाही. रेशमाजवळ महिना नव्हता. ज्याने डबे बदलले त्याच्याकडे औषध उरलेलं असलं तर ते हवं होतं, आणि लगेच हवं होतं. चोराला शिक्षा काय करायची ती मंडळाने करावी. अभिमनला त्याचं कोठार हवं होतं.

पहिलं बोट वळलं ते चुडामण कंपाउंडरकडे. पिंपळदऱ्याचं कपाट त्याच्या ताब्यात. तो स्वतःच डबे घेऊन दिवल्याबरोबर खाली आला होता, आणि आता लोक आपल्याकडे कसे पाहताहेत हे कळून भिंतीला टेकून उभा होता.

"मास्तर, मी पंधरा वर्षं औषधं तोलतोय," तो म्हणाला. "मॅगसल्फ, हेच विलायती मीठ, मला अंधारात कळतं. पण मंडळाची लाख बघून मी कधी चाखून पाहिलं नाही. मंडळाच्या लाखेवर कोण संशय घेईल?"

अभिमनने बंद डब्याची लाख पाहिली. तिच्यावर मंडळाचा शिक्का होता, कापसाचं बोंड. मागे एकदा वाटेत औषध काढलं गेल्यापासून मंडळाने रीत घातली होती: सरकारी डबा वखारीत आला की उघडायचा, तोलायचा, आणि आपला शिक्का मारून मगच डोंगराकडे पाठवायचा. किल्ली आणि शिक्का सभासदांकडे पाळीने असे. म्हणजे जे काही झालं ते डबे वखारीत उघडले त्या संध्याकाळी झालं, आणि चुडामण तेव्हा पिंपळदऱ्यातच होता.

त्याचं नाव सुटलं. तो खाली बसला आणि त्याने उपरण्याने तोंड पुसलं.

त्या संध्याकाळी वखारीपाशी दुसरं कोण होतं, अशी चौकशी अभिमनने सुरू केली, तेव्हा उत्तर उंबऱ्याबाहेरून आलं. दिवल्या होता. सरकी भरायच्या कामाला तो तेव्हा जळगावात आला होता आणि डब्यांच्या गाडीबरोबरच परत जाणार होता. वखारीच्या ओट्यावर तो टेकला होता. दार लोटलेलं. आत कोणीतरी दिवा लावला, फटीतून उजेड आला. शेजारच्या कापसाच्या जिनाचं इंजिन धडधडत होतं, त्यामुळे आवाज कोणाचा ते कळलं नाही. शब्द मात्र त्याने ऐकले, आणि त्याला हसू आलं होतं म्हणून ध्यानात राहिले.

"काय ऐकलंस?"

दिवल्याने ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं, नक्कल करावी तसं. "गोड डब्यात भर. सांडू नको."

"आणि हसू का आलं?"

"दवा कडू ऱ्हास. शेठ गोड सांगे."

खोलीतल्या व्यापाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गोड म्हणजे साखर. लढाईच्या दिवसांत साखर म्हणजे काळा बाजार. एकजण म्हणाला, हा तर उघड झुलालचा धंदा. औषधाच्या गाडीतून तो साखर डोंगराकडे नेत असणार. झुलाल वखारीवरचा माणूस आणि मंडळाच्या गाडीचा गाडीवान. दुसऱ्याने पोलिसांचं नाव काढलं.

अभिमनने चमच्यात पूड घेतली आणि स्टोव्हवर धरली. साखर असती तर काळी पडली असती, वास सुटला असता. पूड आपल्याच पाण्यात विरघळली, बुडबुडली, आणि चमच्याला पांढरं कवच धरून बसली. चार डबे, चार वेळा तेच. साखरेचा कण नाही.

मोतीलालभाऊंनी उद्या सकाळी सभा ठेवली. तोवर छडा लागला नाही तर झुलालला फौजदाराकडे द्यायचं.

अभिमन तो चमचा हातात धरून कितीतरी वेळ बसला होता. माणूस गोड म्हणाला होता, आणि डब्यात भरलं होतं ते खारट.

३

झुलाल बैलांना पेंड घालत होता. ऊन उतरलं होतं. वखारीच्या अंगणात कापसाचे पुंजके वाऱ्याने फिरत होते.

त्या संध्याकाळी डबे तूच भरलेस का, असं अभिमनने विचारलं. झुलाल हो म्हणाला. बरोबर कोण होतं, विचारलं.

"शेठ व्हतात."

"कोणते शेठ?"

"मंडळमा बठ्ठाच शेठ शेतस, मास्तर." सगळेच शेठ, असं म्हणून त्याने नाव टाळलं.

"झुलाल, उद्या तुला पोलिसात देणार आहेत."

झुलालने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. त्याची लेक बाळंतपणात अडली होती तेव्हा मंडळाच्या मोटारीने तिला धुळ्याच्या इस्पितळात पोचवलं होतं, हे गावाला माहीत होतं. तो म्हणाला, मी डब्यात औषधाशिवाय काही भरलं नाही, देवाची आण. आणि त्यानंतर त्या विषयावर तो काही बोलायला तयार नव्हता.

अंधारू लागलं. झुलालचं घर वखारीच्या अंगणातच होतं; त्याच्या बायकोने कंदील टांगला आणि दोघांपुढे भाकरी ठेवली. मास्तर घरी आलेत तर उपाशी कसं पाठवायचं. झुलालने ठेचा चाखला आणि आत वळून म्हणाला, "मीठ कमी शे. मीठ आन."

अभिमनने भाकरीचा तुकडा मोडला. झुलाल खोटं बोलत नव्हता, एवढं त्याला वाटलं; पण अर्धंच खरं बोलणारा माणूस खोट्यापेक्षा कठीण. त्याला गाठ सुटत नव्हती.

तिथून तो रूपचंदांकडे गेला. रूपचंद कापडाच्या गिरणीत सामानाच्या कोठारावर होते आणि मंडळाचे सभासद. डबे आले त्या आठवड्याची पाळी त्यांची होती. दिव्याची वात पुढे सारून ते म्हणाले, "हो, माझी पाळी. पण मी धुळ्याला गेलो होतो, लग्नाची बोलणी होती. किल्ली आणि शिक्का झुलालकडे ठेवला आणि म्हटलं, ज्यांना सवड असेल त्यांना दे."

"एप्सम सॉल्ट गिरणीत असतं?"

"पोत्यांनी. खळीत घालतात, कापडाला वजन येतं. कडू मीठ म्हणतो आम्ही." रूपचंदांनी वात पुन्हा सारखी केली. "एक लहान गोणी पांजरपोळासाठी मंडळाने मागून घेतली होती. गुरांच्या जुलाबाला. कडू मीठच ना, मी नाही कसं म्हणू? झुलालच घेऊन गेला."

"मंडळाने म्हणजे कोणी मागितली?"

"निरोप आला. निरोप मंडळाचाच असतो."

पांजरपोळ दोन गल्ल्या पलीकडे होतं. राखणदाराने सांगितलं की मीठ-बीठ काही आलं नाही. गुरांना जुलाब व्हावा एवढा चाराच कुठे आहे.

गिरणीतून मीठ नेणारा झुलाल. डबे भरणारा झुलाल. गप्प बसणारा झुलाल. सकाळच्या सभेला यापेक्षा जास्त काही लागणार नव्हतं. आणि झुलाल एकदा कोठडीत गेला की कोयनेल कुठे आहे हे कोणाला कळणार नव्हतं. अभिमन रस्त्यात उभा राहिला. तेवढ्यात मोतीलालभाऊंचा माणूस त्याला शोधत आला: भाऊंनी जेवायला बोलावलंय.

४

मोतीलालभाऊंच्या घरी पाट मांडलेले होते. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, पातीचा कांदा. मोतीलालभाऊंच्या पत्नी कमलबाई वाढत होत्या. अभिमन त्यांना अक्का म्हणे. पुण्याला जाताना त्यांनीच त्याला सांजोऱ्यांचा डबा दिला होता.

भाऊ थकलेले दिसत होते. झुलालबद्दल त्यांना वाईट वाटत होतं, असं ते म्हणाले. माणूस जुना आहे, पण मंडळाचं नाव त्याहून जुनं आहे. मग त्यांनी अभिमनच्या आईची चौकशी केली. भाद्रपदात भागाबाईंना हिवतापाने धरलं होतं, तेव्हा भाऊ स्वतः टांग्याने असोद्याला गेले होते आणि मुंबईहून मागवलेल्या पुड्या देऊन आले होते. भागाबाई त्यातून उठल्या.

"आता बरी आहे," अभिमन म्हणाला. "दळण सुरू केलंय."

"झालं तर."

भरीत थोडं अळणी होतं. कमलबाईंनी अभिमनचा घास रेंगाळलेला पाहिला असावा. त्या पुढे वाकल्या.

"अभिमन, गोड वाढू का थोडं?"

त्याला आश्चर्य वाटलं. साखर महिनाभरात कोणी पाहिली नव्हती. पण नको कसं म्हणायचं, म्हणून तो हो म्हणाला.

कमलबाईंनी ताटाच्या डाव्या कोपऱ्यात, लिंबाच्या फोडीशेजारी, चिमूटभर मीठ वाढलं आणि त्या आत गेल्या.

अभिमनचा हात ताटातच राहिला. तिन्हीसांजेला शेजारणीला मीठ देऊ नये, एवढं त्याच्या आईच्या तोंडून त्याने ऐकलं होतं. पण दिवा लागल्यावर काही घरांत मिठाचं नावही घेत नाहीत, त्याला गोड म्हणतात, हे त्याच्या घरी नव्हतं. त्याच्या घरी मिठाला केव्हाही मीठच म्हणत. झुलालच्याही घरी. रूपचंदांनी तर दिव्याची वात सारता सारता कडू मीठ म्हटलं होतं, दोनदा.

दिवल्याने खरं तेच ऐकलं होतं. वखारीत दिवा लागला होता. बोलणाऱ्याच्या पुढ्यात मिठाची गोणी होती, आणि त्या वेळी त्याच्या जिभेवर तो शब्द येणं शक्यच नव्हतं.

"जेव ना," मोतीलालभाऊ म्हणाले.

अभिमन जेवला. ताटात काही टाकलं नाही. कोपऱ्यातलं मीठ तेवढं तसंच राहिलं.

५

एका शब्दावर माणसाला चोर म्हणता येत नाही. भाऊंच्यासारखं बोलणारी आणखी दहा घरं त्या गल्लीत असतील. अभिमन पहाटे चालत असोद्याला गेला.

भागाबाई जात्यावरून उठल्या. पुड्या उरल्यात का, असं त्याने विचारलं.

"तीन शेतस," त्या म्हणाल्या. "ताप उतरना, मंग कडू कोन खास?" मिसरीच्या डबीतून त्यांनी तीन पुड्या काढून दिल्या. कागद मंडळातल्या गठ्ठ्यासारखा, ओळखीचा होता, पण असा कागद कोणाकडेही असतो. अभिमनने त्याला महत्त्व दिलं नाही. त्याने एक पुडी उघडली, तिच्यातली नखभर पूड वाटीतल्या पाण्यात टाकली, लिंबू पिळलं, आणि ते पाणी काचेच्या पेल्यात गाळून अंगणात नेलं. केळीच्या बागेवरून ऊन नुकतं आत येत होतं.

काठाशी निळी झाक उमटली.

भागाबाईंनी पदर तोंडाशी धरून पाहिलं. "काय चांगलं दिसस," त्या म्हणाल्या.

मुंबईत कोयनेल मिळत असतं तर सरकारने डबे वाटले नसते. अभिमनने पेल्यातलं पाणी सांडलं नाही. ते त्याने जपून एका बाटलीत भरलं आणि तो परत निघाला. वाटभर त्याला आपली आई अंथरुणात थडथड उडत होती ते दिसत होतं, आणि टांग्यातून उतरणारे भाऊ दिसत होते, आणि आपल्याला तेव्हा किती बरं वाटलं होतं ते आठवत होतं.

सभेला अजून वेळ होता. मोतीलालभाऊ पेढीवर गादीवर बसले होते, एकटेच.

"काल अक्कांनी मला गोड वाढलं," अभिमन म्हणाला.

"भरीत अळणी होतं. मलाही वाटलं."

"तुमच्याकडे दिवा लागल्यावर मीठ म्हणत नाहीत."

"वडिलांपासून नाही. लक्ष्मीची वेळ."

"आणि वखारीत?"

"वखारीत तर नाहीच," मोतीलालभाऊ म्हणाले, आणि बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांनी आधी गादीवरची सुरकुती सारखी केली. मग बाटलीकडे पाहिलं. अभिमनने ती खिडकीच्या उन्हात ठेवली होती.

"तुझी आई उठली ना त्याने?" ते म्हणाले.

अभिमनने होकारार्थी मान हलवली.

"भाद्रपदात या पेठेत एक घर तापाने सोडलं नव्हतं," भाऊ सांगू लागले. आवाज चढला नाही. "माझे तोलणारे, हमाल, त्यांच्या घरची पोरं. पैसा-पैसा धर्मादाय ज्यांच्या गाड्यांवर कापला, ते सगळे पडलेले, आणि त्यांच्याच मंडळाच्या वखारीत चार पौंड कोयनेल. मी दाराला कुलूप लावून बसू? एक पुडी विकली नाही मी. विचार कोणालाही. घरोघर वाटलं. मुंबईचं म्हणून सांगितलं, कारण सरकारी आहे म्हटलं असतं तर लोक भ्याले असते. रूपचंदांच्या घरी दिलं, तुझ्या घरी दिलं."

"आणि डबे मिठाने भरले."

"रिकामे गेले असते तर पुढचा कोटा बंद. डबे भरलेले जायला हवे होते. झुलालला म्हटलं, हेही औषधच आहे. तो बिचारा तेच धरून बसलाय." त्यांनी हात झटकला. "डोंगरातली माणसं, अभिमन. त्यांना ताप काय नवा आहे? झाडपाला असतो त्यांच्याकडे. निभावतात."

"नानीबाई नाही निभावली."

"कोण नानीबाई?"

अभिमनने सांगितलं. तिची लेक रेशमा, जावई दिवल्या, जो काल दिवसभर मंडळाच्या उंबऱ्याबाहेर बसला होता आणि ज्याला भाऊंनी स्वतः पाणी द्यायला सांगितलं होतं. अंगावर पिणारं पोर. मोतीलालभाऊ ऐकत होते. दाराबाहेर कोणीतरी तागडी लावत होतं, तिच्या साखळ्यांचा आवाज येत राहिला.

"काही उरलंय का?" अभिमनने विचारलं.

"डब्यात नाही. सगळं वाटलं."

"आईकडे तीन पुड्या उरल्या होत्या. ताप उतरल्यावर कडू कोण खातं, म्हणाली. इतरांकडेही उरल्या असतील."

"असतील."

"मी मागितल्या तर कोणी देणार नाही. हिवाळा अजून यायचाय, औषध मिळत नाही. तुम्ही मागा."

मोतीलालभाऊ गादीवरून उठले. मग त्यांनी खुंटीवरची झोळी काढली. पाडव्याला अध्यक्षाने झोळी घेऊन पेठेत दारोदार फिरायचं आणि धर्मादाय मागायचा, ही मंडळाची रीत. पाडवा अजून आला नव्हता.

६

सभा झाली ती इतकीच: मोतीलालभाऊंनी उभं राहून जे केलं ते सांगितलं. झुलाल दाराशी होता. त्याने मान खाली घातली, आपलीच चूक झाल्यासारखी. कोणीतरी भाऊंना सावरून घ्यायला लागलं, तेव्हा ते म्हणाले, आधी फेरी, मग बोलू.

पेठेतल्या लोकांनी अध्यक्षांना अवेळी झोळी घेऊन येताना पाहिलं. अभिमन मागे होता. प्रत्येक दारात भाऊ तेच म्हणत होते: मी दिलेल्या पुड्यांतलं काही उरलं असेल तर परत द्या, ते आपलं नव्हतं. एका हमालाच्या बायकोने फडताळातून पाच पुड्या काढल्या आणि वर सुपारीही ठेवली. रूपचंदांनी होत्या त्या सगळ्या दिल्या आणि अभिमनकडे पाहणं टाळलं. एका घरात म्हातारी दारात आडवी उभी राहिली. सुनेला सातवा महिना आहे. उद्या तिला हिव भरलं तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहू? भाऊ तिच्या ओट्यावर बसले. तिने पुड्या दिल्या नाहीत, आणि ते उठले.

"मी दिल्या तेव्हा तिने मला दंडवत घातला होता," ते अभिमनला म्हणाले. "आता बघतेय कशी."

दुपारी झोळीतलं सगळं मंडळाच्या तराजूवर तोललं. सहा माणसांना पुरेल इतकं होतं. सातव्याला नव्हतं. भाऊ तिथूनच सिव्हिल सर्जनच्या कचेरीकडे निघाले. मंडळाकडे औषध पुन्हा देतील की दवाखानाच काढून घेतील, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. कमलबाई मंडळाच्या ओट्यापर्यंत आल्या होत्या.

अभिमन, चुडामण आणि दिवल्या कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने चोपड्यापर्यंत आणि पुढे बैलगाडीने पिंपळदऱ्याला गेले. तापाने पडलेली माणसं सहापेक्षा कितीतरी जास्त होती. चुडामणने पोरं आणि अंगावर पाजणाऱ्या बायका निवडल्या. निवडताना तो पुनाच्या झोपडीपुढे थांबला. पुना धडधाकट, तिशीचा गडी, घोंगडीत गुरफटून दात वाजवत होता.

"तू तगशील, पुना," चुडामण म्हणाला.

"तू सांगस तर तगसू," पुना म्हणाला, आणि त्याने हसायचा प्रयत्न केला.

रेशमाने पुडीकडे पाहून तोंड फिरवलं. आधीच्या पुड्यांनी तिच्या पोटात काही ठरलं नव्हतं. दिवल्याने अभिमनच्या हातातून कागद घेतला.

"पहिले मी खास," तो म्हणाला. त्याने बोटाच्या टोकाने कण जिभेवर ठेवला, चेहरा आक्रसला, थोडा वेळ थांबला. खारटपणा मागून आला नाही. मग त्याने पुडी तिला दिली.

अभिमन राहिला. मधल्या तापाने तिला पुन्हा हलवलं, पण आधीपेक्षा कमी. तापाच्या पुढच्या पाळीच्या दिवशी ती सकाळपासून भिंतीशी पोराला घेऊन बसली होती, हिव येण्याची वाट पाहत. ऊन कौलावर आलं आणि कलायला लागलं. दिवल्या दारात होता. चुडामणने थर्मामीटर झटकून तिच्या काखेत ठेवला, वाट पाहिली, काढला आणि उजेडाकडे धरला. मग तो पुनाच्या झोपडीत गेला.

रेशमाचा पारा अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन. पुनाचा एकशे चार.